अभ्र्यावरचा पळस
फाल्गुनात किनवट-माहूरच्या रानात पळस फुलला की फुलं उकळून रंग खेळायची मराठवाड्याची जुनी रीत. बाजारच्या पुड्यांनी ती मागं पाडली, पण तोच रंग उशीच्या अभ्र्यावर कुंचल्यानं छान चढतो. कोऱ्या सुती कापडाची खळ धुऊन काढायची, ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. फुलांचं पाणी आटवून गाळायचं, त्यात तुरटी आणि भिजवलेला बाभळीचा डिंक घालायचा. डिंक कमी पडला तर रेघ बघता बघता फुटते; जास्त झाला तर कापड पापडासारखं ताठ. खरी गंमत काळ्याची! गंजके खिळे गूळपाण्यात दोन-तीन आठवडे मुरवायचे. ते मळकट पाणी हिरडा प्यालेल्या कापडाला टेकलं की डोळ्यांदेखत काळं होतं. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात, हंडे रिते करणाऱ्या रंगाईपेक्षा वाटीभर रंगात भागणारं हे काम मला जास्त पटतं. पळसाचा पिवळा उन्हानं विटतो, म्हणून अभ्रे सावलीत वाळवा. विटलाच तर पुढच्या फाल्गुनात पुन्हा गिरवा. फुलं काय, झाडाखाली सडा पडलेलाच असतो.