फ्लॅट म्हणजे पेन्शन नव्हे!

'घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. आजच्या काळात तिला तिसरा तुकडा जोडायला हरकत नाही: 'आणि फ्लॅट पहावा भाड्याने देऊन!' कारण हल्ली मध्यमवर्गीय घरांत निवृत्तीचा विषय निघाला की एकच उत्तर मिळतं. 'एक सेकंड फ्लॅट घेऊन ठेवायचा. भाडं येत राहील. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको.'

ऐकायला किती छान वाटतं! पण मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. कुठलंही डिझाइन 'छान वाटतं' म्हणून पास करत नाही, त्याचं कॅल्क्युलेशन मागतो. मग या फ्लॅटचंच कॅल्क्युलेशन कुणी का मागत नाही?

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. ही कल्पना वेडेपणातून आलेली नाही, भीतीतून आली आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. केंद्राने हेच १ जानेवारी २००४ पासून केलं होतं. खाजगी नोकरीत तर ईपीएफच्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली, ती महिना १,००० रुपये! एवढ्यात आमच्या मेसचं अर्ध्या महिन्याचं बिलही भागत नाही. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, २००६ साली लागले. आजोबांना दर महिन्याला पेन्शन यायची ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि आपल्याला ती नाही हेही त्यांना माहीत आहे. त्यामुळे 'पुण्यात एक वन बीएचके घेऊ' असं ते म्हणतात तेव्हा मला हसू येत नाही. पण त्यांचं म्हणणं मला पटतही नाही.

आता कॅल्क्युलेशन. समजा फ्लॅट ६० लाखांचा आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाचं भाडं साधारण किमतीच्या दोन ते तीन टक्के मिळतं. आपण तीन धरू, म्हणजे महिना १५,००० रुपये, वर्षाला १,८०,०००. यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३०,००० गेला. मिळकतकर १२,००० गेला (आणि पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच असते, भाड्याने दिलं की ती जाते). भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहिलं, १५,००० गेले. रंग, नळ, गीझर, एजंटचं कमिशन असे सरासरी १५,००० गेले. उरले १,०८,०००. म्हणजे महिना ९,००० रुपये, ६० लाखांवर १.८ टक्के. यावर इन्कम टॅक्स अजून लावलेलाच नाही.

आणि हे ६० लाख रोख असतात कुणाकडे? २० टक्के स्वतःचे घातले, तर १२ लाख. वर सात टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे ४ लाख २० हजार. उरलेल्या ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४१,६०० येतो. हातात ९,००० येणार आणि बँकेला ४१,६०० जाणार! बाबांचं वय ४८, निवृत्ती ५८ ला. कर्ज नोकरीतच फेडायचं तर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५९,५०० होतो. म्हणजे पेन्शनसाठी आजचं जेवण विकायचं, असाच हिशोब झाला.

तुलनेसाठी सांगते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ मध्ये ३० लाख झाली आणि व्याज ८.२ टक्के झालं. त्या दराने ३० लाखांवर महिन्याला २०,५०० रुपये पडतात. अर्ध्या पैशात दुपटीहून जास्त, आणि मध्यरात्री 'काकू, फ्लश चालत नाहीये' असा फोन नाही.

यावर बाबांचं उत्तर तयार असतं. 'अगं, व्याज आहे तिथंच राहतं, भाडं वाढतं. आणि फ्लॅटची किंमतही वाढते.' हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. दर नव्या कराराला पाच-दहा टक्के भाडं वाढतं, तर पोस्टाचं व्याज महागाईला जुमानत नाही. पण किंमत नेमकी कशाची वाढते? सिव्हिलची विद्यार्थिनी म्हणून इथे मला बोललंच पाहिजे. वाढते ती जमिनीची किंमत. आरसीसीची इमारत दरवर्षी जुनीच होत जाते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचं असतं. चाळिशीत नवा फ्लॅट घेतला तर मालक सत्तरीला येईल तेव्हा इमारत तिशीत आलेली असते. म्हणजे ज्या वयात आपले गुडघे दुखायला लागतात, त्याच वयात इमारतीचे कॉलमही! तेव्हा वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, प्लंबिंग यांसाठी सोसायटी वर्गणी मागते आणि ती भाड्यातूनच जाते. शिवाय गरज पडली तर फ्लॅट तुकड्याने विकता येत नाही. हॉस्पिटलचं बिल भरायला फक्त बेडरूम विकून चालत नाही ना!

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ही पेन्शन देणार कोण? सरकार नाही, बँक नाही. देणार आपण! हॉस्टेल सोडून तिघी-चौघी मिळून फ्लॅट घेणाऱ्या मुली, पहिल्या नोकरीला लागलेली मुलं, म्हणजे पाटीवर ज्यांना 'बॅचलर्स नॉट अलाऊड' म्हणतात तेच. ज्याच्या खिशावर आपलं म्हातारपण अवलंबून आहे त्यालाच दारातून परत पाठवायचं, नाहीतर जाताना भिंतीवरच्या खिळ्यांसाठी अर्धं डिपॉझिट कापायचं, हे लॉजिक मला आजवर समजलेलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाडेकरू गावी निघून गेले आणि आयटी पार्कांच्या आसपासचे कितीतरी फ्लॅट रिकामे पडले. हप्ते मात्र थांबले तरी व्याज थांबलं नाही. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं होतं. पेन्शन अशी पुढे ढकललेली चालते का?

मालकांच्या भीतीलाही इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. त्यातून पागडी आली आणि 'भाडेकरू घुसला की निघत नाही' हा समज पक्का झाला. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती, त्यामागे ही भीतीसुद्धा आहे. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. मात्र त्यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. 'अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही' हा गैरसमज आहे. आपल्या राज्यात मुदत कितीही असो, नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं! किती काका-काकूंना हे माहीत असेल?

माझं म्हणणं 'फ्लॅट घेऊच नका' असं नाही. राहायला एक घर हवंच, त्याला पर्याय नाही. दुसरं घ्यायचं असेल तर निवृत्तीच्या दिवशी त्यावर एक रुपयाही कर्ज नसावं. वर्षभर ते रिकामं राहिलं तरी घरखर्च चालेल एवढी शिल्लक वेगळी असावी. आणि सगळी पुंजी त्या एकाच टोपलीत नसावी. भाड्याने देणं हा व्यवसाय आहे आणि व्यवसायात ग्राहकाशी नीट वागावं लागतं. सत्तराव्या वर्षी हा व्यवसाय झेपेल का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

बाबा म्हणतात, 'भिंत हाताला लागते, शेअर लागत नाही.' पण म्हातारपणी औषधवाल्याला भिंत देता येत नाही, रोख द्यावी लागते. उद्या आपल्याही प्लेसमेंट होतील, पहिला पगार येईल आणि दुसऱ्याच दिवशी बिल्डरचा फोन येईल. तेव्हा सॅम्पल फ्लॅटचा सोफा बघण्याआधी कॅल्क्युलेटर काढा. आणि त्याच्याही आधी, या सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांबरोबर कागद-पेन घेऊन बसा. चार वर्षं आपल्या फिया भरणाऱ्यांचा एवढा हिशोब तरी आपण करून द्यायलाच हवा.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी