ज्ञानाची आवक-जावक

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्याच्या चौरास भागातील आसगावात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून शेतकऱ्याला पिकाची जात विचारली, तर 'एचएमटी' हे नाव तो जितक्या सहजतेने उच्चारील, तितक्याच सहजतेने त्या जातीच्या जनकाचे नाव त्याच्या तोंडी येईल, अशी खात्री कोणी देऊ शकणार नाही. यात त्याचा दोष नाही. ज्या व्यवस्थेने ते बियाणे त्याच्या हाती पोचवले, तिनेच ते नाव वाटेत गाळले. विज्ञान सर्वांस खुले व्हावे, त्यात सामान्य नागरिकाचाही सहभाग असावा, अशी भाषा आज सरकार-दरबारी आणि विद्यापीठांत उत्साहाने बोलली जात असताना या गाळलेल्या नावाचा विचार प्रथम व्हावयास हवा.

वैनगंगेच्याच खोऱ्यात, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले आणि जेमतेम दीड एकराचे धनी. १९८३ साली 'पटेल-३' या जातीच्या उभ्या पिकात काही लोंब्या त्यांना इतरांहून वेगळ्या, पिवळसर दिसल्या. अशा लोंब्या पुष्कळांच्या दृष्टीस पडतात आणि खळ्यावर बाकीच्या धानात मिसळून जातात. दादाजींनी त्या खुडून जपून ठेवल्या, पुढल्या पावसाळ्यात त्यांचे पऱ्हे वेगळे टाकले, रोवणी वेगळी केली, आणि वाण स्थिर होईपर्यंत वर्षानुवर्षे हाच क्रम चालवला. धानाचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होत असल्याने वेगळेपण पुढल्या पिढीत टिकण्याची शक्यता असते खरी. परंतु ते हेरण्यास लागणारी नजर आणि भेसळीचे रोप निर्दयपणे उपटून टाकण्यास लागणारी चिकाटी या गोष्टी आपोआप येत नाहीत. बारीक दाण्याचा, कमी कणी पडणारा आणि चवीला उत्तम असा हा तांदूळ १९९०च्या सुमारास तळोधीच्या बाजारात बिननावाचा आला, तेव्हा एका व्यापाऱ्याने त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या 'एचएमटी' घड्याळाचे नाव त्यास देऊन टाकले.

दादाजींनी बियाणे अडवून ठेवले नाही; ज्याने मागितले त्यास दिले. १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राकडेही ते प्रयोगासाठी गेले, आणि १९९८ साली ते केंद्र चालवणाऱ्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' ही जात प्रसृत केली. तीत मूळ शोधकाच्या नावास स्थान नव्हते. आपण बियाण्याचे शुद्धीकरण केले, ही विद्यापीठाची बाजू होती, आणि शुद्धीकरण हे क्षुल्लक काम नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु शुद्ध करावयास मुळात जे हाती होते ते कोठून आले, एवढी एक ओळ लिहिल्याने कोणत्या शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा कमी झाली असती? पुढे २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला, २०१० साली 'फोर्ब्स'ने त्यांची दखल घेतली, आणि ३ जून २०१८ रोजी आर्थिक ओढाताणीतच त्यांचे निधन झाले.

खुलेपणा एकाच दिशेने वाहू लागला, की त्याचे असे होते. आजही चित्र फारसे निराळे नाही. शास्त्रीय नियतकालिके संशोधकांस उपलब्ध व्हावीत म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या सामायिक वर्गणीस मंजुरी दिली. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिचा लाभ शासकीय शिक्षण व संशोधन संस्थांपुरता आहे, आणि आसगावच्या धानावरील किडीविषयीचा लेख आसगावकरांस वाचावयास मिळावा, अशी तजवीज तीत नाही. दुसरे उदाहरण २००२ साली झालेल्या जैवविविधता कायद्याचे. माधव गाडगीळ यांनी गावच्या जैवविविधतेच्या ज्या लोकनोंदवहीचा आयुष्यभर पुरस्कार केला, तिला त्यातून सरकारी आधार मिळाला. मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या पूर्ण करण्यास ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून पुढे दरमहा दंडाची ताकीद दिली, तेव्हा कित्येक ठिकाणी नोंदवह्या घाईघाईने भरून दप्तरात रुजू झाल्या. जे काम गावाने स्वतःस ओळखण्यासाठी करावयाचे, ते हुकमाची तामिली होऊन बसले.

याउलट उदाहरणही याच मुलुखात आहे. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी यांनी मासेमार ढिवर समाजाबरोबर काम केले, तेव्हा कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे ढिवरांचे ज्ञान नुसते टिपून नेले नाही. त्याच ज्ञानाच्या आधारे बेशरम हे तण उपटून, देशी वनस्पती लावून तलाव सुधारले. ज्याने माहिती दिली, त्याच्याच जाळ्यात तिचे फळ आले.

नावांची नोंद करू लागलो तर ज्ञानावर मालकी येईल आणि खुलेपणास बाध येईल, अशी हरकत कोणी घेतील. ती टिकणारी नाही. दादाजींनी बियाण्यावर मालकी सांगितली नव्हती. उगमाचा उल्लेख मागणे आणि वाटेत फाटक लावणे या भिन्न गोष्टी आहेत. पीकवाणांच्या संरक्षणाविषयीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास स्वतःचे वाण नोंदवण्याचा अधिकार दिला हे खरे; पण दादाजींच्या बाबतीत तो उशिरा आला, आणि अर्ज कोठे करावा हे ज्यास ठाऊक, त्याच्यापुरताच तो उपयोगी.

उपाय खर्चिक नाही. ग्रामपंचायतीत साध्या अर्जालाही आवक क्रमांक आणि तारीख पडते. मग बियाण्याचा नमुना, पक्ष्यांची गणना किंवा विहिरीच्या पाणीपातळीची नोंद गावाबाहेर जाताना देणाऱ्याच्या नावाची पावती का असू नये? आणि निष्कर्ष हाती आल्यावर ते मराठीत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्याची जबाबदारी संशोधकावर का असू नये? अडचण आहे ती संशोधकाच्या नोकरीच्या रचनेत: बढतीच्या वेळी परदेशी नियतकालिकातला लेख मोजला जातो, ग्रामसभेत घालवलेली संध्याकाळ मोजली जात नाही, म्हणून मनापासून लोकांत मिसळणारा तरुण अभ्यासक मागे पडतो आणि माहिती उचलून नेणारा पुढे जातो. विद्यापीठांनी ही मोजणी बदलावी, संशोधनास निधी देणाऱ्या खात्यांनी परत दिलेल्या निष्कर्षाची पावती पाहिल्याखेरीज शेवटचा हप्ता सोडू नये. तोपर्यंत नागरिकांच्या सहभागाची भाषा करणाऱ्या प्रत्येक योजनेला आसगावच्या शेतकऱ्याने आधी एवढेच विचारावे, की माझ्याकडून जे नेणार, ते परत केव्हा आणणार आणि त्यावर नाव कोणाचे असणार?