क्रॅश लुआच्या माथी मारू नका

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या प्रोग्राममध्ये लुआ ही स्क्रिप्टिंग भाषा बसवलेली असली आणि तो कोसळला, की निदान ठरलेलं असतं: ‘स्क्रिप्टिंगमुळे झालं, काढून टाका ते.’ पुरावा म्हणून क्रॅशचा ट्रेस पुढे केला जातो. त्यात सगळ्यात वर लुआच्या गार्बेज कलेक्टरचं नाव असतं.

हा पुरावा लंगडा आहे. कलेक्टर मेमरी चाळत असतो, म्हणून आधीच बिघडलेली वस्तू पहिल्यांदा त्याच्या हाती लागते. बिघाड करणारा सी कोड केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. १९९३ साली रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली लुआ दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये नांदण्यासाठीच घडली. रेडिस आणि वायरशार्क तिच्यावर विसंबतात. तिची अट एकच, ज्या स्टॅकवरून तिच्याशी देवाणघेवाण होते त्याचा हिशेब सी कोडने ठेवायचा. त्यावर वीस मोकळ्या जागांची हमी असते. सेकंदाला साठ वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये दर फेरीला एक नोंद काढायची राहिली, तर ती हमी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपते.

एक नमुना बघा. लुआच्या टेबलावरून फिरताना नोंदीची की छापून बघावी म्हणून कुणी लुआ_टूस्ट्रिंग वापरतो. की मजकूर असेल तर सगळं सुरळीत. ती आकडा असेल तर हे फंक्शन स्टॅकवरच्या त्या आकड्याचाच मजकूर करून टाकतं आणि पुढची नोंद आणणारी लुआ_नेक्स्ट ‘इनव्हॅलिड की’ म्हणून अडते. संदर्भपुस्तिकेत हा इशारा स्पष्ट छापलेला आहे. दुसरा नमुना: लुआ_कॉलने बोलावलेली स्क्रिप्ट चुकली आणि वर कुठे संरक्षण नसलं, तर पॅनिक होऊन अख्खा प्रोग्राम बंद होतो. संदेश एसटीडीईआरआरवर जातो आणि खिडकीवाल्या ॲपमध्ये तो बहुधा कुणाला दिसतच नाही.

‘मग सगळीकडे चूक पकडणारी लुआ_पीकॉल लावा’ हाही अर्धाच उपाय. तिचं उत्तर कुणी तपासलं नाही, तर चुकीबद्दलचा संदेश स्टॅकवर तसाच पडून राहतो, म्हणजे गळती आणखी वाढते. पीकॉलला ट्रेसबॅक देणारा हँडलर द्याच. ती परतल्यावर चूक कुठून आली ते शोधायला उशीर झालेला असतो. चाचणीची बिल्ड एपीआय-तपासणी चालू ठेवून करा. प्रत्येक हाकेआधी आणि नंतर लुआ_गेटटॉपने स्टॅकची उंची जुळवा.

एवढं करूनही क्रॅश उरला, तर इंटरप्रिटरवर खुशाल संशय घ्या. लुआचे कर्ते आवृत्तीवार सापडलेल्या दोषांची यादी स्वतःच जाहीर करतात. आपली आवृत्ती तिच्याशी ताडून पाहा.