भरतीला जायचं कुठं?

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला आमच्या कोळी शेजाऱ्यानं शिकवलं. चतुर्थी असेल तर तीन. त्या हिशेबानं मी नेरूळच्या डीपीएस तलावावर जातो. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, इकडे येतात. मान खाली, चोच उलटी, पाय नाचवत चिखल ढवळणं. दुर्बीण नसली तरी चालतं, इतके जवळ!

ठाणे खाडीत 2015 साली अभयारण्य झालं, 2022 मध्ये पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. पण अभयारण्याची हद्द नकाशावर असते, पक्ष्याला भरती कळते. पाणी चढल्यावर टेकायला जागा नसेल तर त्या दर्जाचं त्यानं करायचं काय?

तलावाचा जीव खाडीतून येणाऱ्या पाण्यात आहे. ती वाट बुजली की पाणी शिळं होतं, वर शेवाळाचा हिरवा थर धरतो, आणि गुलाबी रंग दिसेनासा होतो. हे मी पाहिलंय. शहराच्या चौकाचौकांत सिमेंटचे फ्लेमिंगो मात्र ठणठणीत असतात. त्यांना भरती लागत नाही.

राज्य वन्यजीव मंडळानं एप्रिल 2025 मध्ये या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. उत्तम झालं. आता फलक नंतर लावा, आधी पाण्याची तोंडं मोकळी ठेवा. पाहुणे नोव्हेंबरपासून येऊ लागतात.