दादाची वही बुडाली तेव्हा...

महालातल्या आमच्या वाड्यात प्रोग्रामर एकच, माझा चुलतभाऊ. पण दादाचं सगळं डोकं बडकस चौकातून घेतलेल्या जाडजूड वहीत! कुठला बग कसा सुटला, कुठली कमांड चालली, सगळं निळ्या पेनानं. मी चिडवायचो, "काऊन दादा, किराण्याचा हिशेब लिहितो का?"

मग आला 23 सप्टेंबर 2023. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि दादा ज्या मित्राकडे मुक्कामाला होता, त्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं. लॅपटॉप कपाटावर होता, वाचला. वही जमिनीवरच्या बॅगेत. तीन वर्षांची मेहनत, नुसती निळी शाई!

आठवडाभर दादा गप्प. मग कामाला लागला, पण दिसेल ते ॲप उचललं नाही. "ॲपच बंद पडलं तर? गूगल नोटबुक गेलंच ना 2012 मध्ये!" त्यानं धरलं मार्कडाऊन, 2004 साली जॉन ग्रुबरनं आणलेली साध्या टेक्स्टची पद्धत. फाईल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. जोडीला गिट, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद आणि दुसऱ्या मशीनवर प्रत. आता एरर टाकला की जुना उपाय क्षणात हजर. कोड कॉपी करा, चालवा! फक्त पासवर्ड तिथे लिहायचे नाहीत, हा त्याचा नियम.

आणि वही? आहे ना! डिझाइनचे चौकोन, बाण अजून कागदावरच. "विचार हातानं सुचतो बे," दादा म्हणतो. संध्याकाळी पानाचा फोटो फाईलला जोडतो.

बाय द वे, तुमची वही आत्ता कुठे आहे? जमिनीवर तर नाही ना?