फुकट घराचा हिशेब

आपल्या वाचकांपैकी बरेच जण सध्या संमतिपत्रावर सही करावी की नाही या विचारात आहेत. बिल्डरचा माणूस वस्तीत येतो, "फुकट घर" एवढेच बोलतो आणि कागद पुढे करतो. घर फुकट नसते. त्याची किंमत एफएसआयमध्ये चुकती होते.

हजार चौरस फूट जमिनीवर एक एफएसआय असेल तर हजार फूट बांधकाम होते, दोन असेल तर दोन हजार. मुंबईत १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. बिल्डरने झोपडीवासीयांना स्वतःच्या खर्चाने घरे द्यावीत आणि बदल्यात जादा बांधकाम खुल्या बाजारात विकावे, असे तिचे सूत्र. घर तेव्हा २२५ चौरस फुटांचे, पुढे २६९, आता ३००. बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचे ऑफिसही द्यायचे असते. या व्यवहाराला आम्ही सरसकट वाईट म्हणत नाही. दर पावसाळ्यात छपरावर प्लॅस्टिक टाकणाऱ्या बाईला पक्क्या भिंतीचे मोल आम्ही काय सांगणार!

पण जमीन तेवढीच राहते. तीवर आपली घरेही बसवायची आणि विक्रीचा टॉवरही. मग आपल्याच इमारती एकमेकींना खेटतात. गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड पाहा. विकासकामांसाठी उठवलेली कुटुंबे तिथे नेली. बांधणाऱ्याला मोबदला टीडीआरमध्ये, म्हणजे दुसरीकडे बांधण्याच्या हक्कात. विक्रीचा टॉवर तिथे नाही, तरी दोन इमारतींत अंतर उरले अवघे तीन मीटर! खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ऊन-वारा न मिळणाऱ्या अशा घरांत क्षयाचा धोका जास्त, असे डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासात २०१८ साली पुढे आले.

पूर्वी ७० टक्के संमती लागे, आता ५१ टक्के पुरते. म्हणजे मागाहून ओरडणाऱ्याचे बळ कमीच झाले. म्हणून सहीआधी नकाशा मागा. दोन इमारतींत किती अंतर? आपली इमारत टॉवरच्या सावलीत आहे का? लिफ्टचे बिल, पाण्याचा पंप यांसाठी ठेव किती, ती कोणाच्या नावावर? सभेत हे प्रश्न बायांनीच विचारावेत असे आम्हांला वाटते. चूल कुठल्या खिडकीशी मांडायची हे पुरुषांच्या ध्यानात येत नाही.

घर होईपर्यंतच्या भाड्याबद्दलची आलेली पत्रे पुढच्या अंकी घेऊ.