झाड म्हणजे नग नव्हे

रिद्धपूरच्या माणसाला सह्याद्रीतल्या झाडाचं काय पडलंय, असं आमचे भाचे विचारतात. उत्तर देतो.

नरक्या नावाचं एक लहानसं झाड महाबळेश्वर, आंबोलीकडच्या धुक्याच्या, ओल्या रानात वाढतं. त्याचा वास घाण. जुन्या शास्त्रीय नावातही दुर्गंधीच होती. १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य शोधण्यात आलं. शोधणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी आपल्या नंदुरबारला जन्मलेले. पुढे १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यात सापडलं. त्यापासून बनलेल्या कर्करोगावरच्या दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि इकडे नरक्यावर कुऱ्हाड आली. माणसाला जगवणारं झाड माणसानेच मुळासकट खणून ट्रकात भरलं!

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "त्यात काय, पुन्हा लावू." २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राचं उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचं होतं. झाडं लावायला माझा विरोध नाही. झाडांना नगासारखं मोजण्याला आहे. नरक्याची सगळी झाडं सारखी नसतात. एका रानातल्या झाडांत औषधी द्रव्य जास्त, दुसऱ्या रानातल्या झाडांत कमी. उद्याचा रोग कोणतं झाड सोसेल, हे आज कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या मोर्शी-वरुडच्या संत्रावाल्यांना हे सांगायला नको. डोळे भरून केलेल्या कलमांचा बगीचा म्हणजे हजार झाडं दिसायला, रक्त एकच. डिंक्या आला की कोण कुणाला वाचवणार?

आणि आमचं गाव तर महानुभावांचं, पोथ्यांचं. डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून लीळाचरित्र संपादित केलं. पाठभेद शिल्लक होते म्हणून ते शक्य झालं. एकाच पोथीच्या हजार झेरॉक्स काढून बाकीच्या जाळल्या असत्या तर? त्या पोथीतली चूकही हजार वेळा छापली गेली असती. दोन-चार झाडांच्या बियांवर चालणारी रोपवाटिका याहून वेगळी नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. उरलेली रानं आधी राखा. बी गोळा करायचं तर अनेक रानांतून, अनेक झाडांचं घ्या आणि कोणतं कुठलं याची नोंद ठेवा. औषधासाठी लागवड करा; रानातलं मूळ खणू नका. बुंधा राखला तर नरक्या पुन्हा फुटतो. गेलेला वाण मात्र कोणत्याही वृक्षारोपण सप्ताहात परत येत नाही.

असो. पटलं नाही तर अवश्य कळवा. पाठभेदांचं आम्हांला वावडं नाही.